सासू-सासऱ्यांना घेऊन फेब्रुवारीत चर्चिलला

पत्र: आम्ही कॅनडात विनिपेगला राहतो. सासू-सासरे सुपर व्हिसावर (आई-वडिलांसाठीचा दीर्घ मुक्कामाचा व्हिसा) आले आहेत, २७ फेब्रुवारीच्या विमानाने मुंबईला परततील. त्याआधी त्यांना उत्तरेला हडसनच्या उपसागराकाठच्या चर्चिल गावी नेऊन पांढरी अस्वलं आणि नॉर्दर्न लाइट्स (रात्रीच्या आकाशात उमटणारे प्रकाशाचे पट्टे), दोन्ही दाखवायचं मनात आहे. १९च्या सुमारास ट्रेनने निघायचं आणि २५ला ट्रेननेच परत यायचं, असा बेत आहे. सासरे ७१ वर्षांचे आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे. सासूबाई ६६च्या, त्यांना मधुमेह आहे आणि दोन वेळा इन्सुलिन लागतं. दोघंही हिंडतेफिरते आहेत. विनिपेगची थंडी त्यांनी सोसली आहे आणि घरात स्वेटर-जॅकेटं भरपूर आहेत. एवढ्यावर भागेल का?
एक सून, विनिपेग

नमस्कार.

जायला हरकत नाही, पण या बेताने नको.

आधी अस्वलांचं बघू. फेब्रुवारीत ती दिसतील असं सासऱ्यांना सांगून बसला असाल तर आजच ते दुरुस्त करा. हडसनचा उपसागर साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धात गोठतो. तो गोठला की अस्वलं सीलच्या शिकारीसाठी बर्फावर निघून जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात बर्फ फुटला की किनाऱ्याला लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती गावाभोवती घुटमळत असतात ती समुद्र गोठायची वाट बघत. उंच चाकांच्या गाडीच्या खिडकीशी आलेलं अस्वल तुम्ही फोटोंत पाहिलं असेल, ते त्याच आठवड्यांतलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये वापुस्क राष्ट्रीय उद्यानातल्या बिळांतून माद्या पिलांना घेऊन बाहेर पडतात हे खरं, पण ती सहल कॅमेरेवाल्यांची. गावापासून लांब मुक्काम आणि उघड्यावर तासन्‌तास थांबणं तुमच्या मंडळींना झेपणार नाही.

नॉर्दर्न लाइट्ससाठी मात्र तुम्ही निवडलेला महिना उत्तम आहे, आणि याचं कारणही तोच बर्फ. शरद ऋतूत उपसागराचं पाणी उघडं असतं, त्याची वाफ होऊन किनाऱ्यावर ढग दाटतात. पाणी झाकलं गेलं की हवा कोरडी होते आणि आकाश निवळतं. म्हणून अस्वलं आणि दिवे एकाच सहलीत साधायला गेलं की बहुधा एकावर पाणी सोडावं लागतं. दिव्यांचं कडं पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाभोवती असतं आणि चर्चिल त्याच्या खालीच येतं. त्यामुळे मोबाइलवरच्या ॲपमधला दिव्यांच्या जोराचा आकडा लहान दिसला तरी हिरमुसू नका. तिथे बघायचा असतो तो ढगांचा अंदाज. शक्य असेल तर पौर्णिमेच्या आसपासचे दिवस टाळा. आणि दोघांना आधीच सांगून ठेवा की फोटोत हिरवागार दिसणारा पट्टा नुसत्या डोळ्यांना पुष्कळदा फिकट, राखाडीकडे झुकणारा दिसतो. जोराची रात्र लागली तर रंग दिसतातच, पण नाही दिसले तर फसवलं असं वाटायला नको.

आता तारखा. तुमच्या बेतातला सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे. चर्चिलला रस्ता जात नाही. एक तर विमान, नाही तर व्हिया रेलची गाडी, आणि ती आठवड्यातून दोनदा. अंतर सुमारे १,७०० किलोमीटर. वेळापत्रकाप्रमाणेच दोन रात्री गाडीत जातात. उत्तरेकडे रूळ दलदलीवर आणि बारमाही गोठलेल्या जमिनीवर टाकलेले आहेत. जमीन वरखाली होते, म्हणून गाडी कित्येक ठिकाणी हळू हाकावी लागते, शिवाय त्याच रुळांवरून मालगाड्याही जातात. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! काही तासांचा उशीर नेहमीचा, वादळ आलं तर त्याहून जास्त. २५ला परत आणि २७ला मुंबईचं विमान हे कागदावर जमतं, पण गाडी एक दिवस लेट झाली तर सासूबाईंच्या बॅगा भरायलाही वेळ उरणार नाही.

त्यापेक्षा सहल महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आणा, जाताना ट्रेन घ्या आणि येताना विमान. जाताना उशीर झाला तर फार तर चर्चिलमधली एक दुपार जाईल, म्हणून पहिल्या रात्रीसाठी कुठल्याच टूरचं बुकिंग करू नका. येताना उशीर झाला की पुढची सगळी साखळी तुटते. विमानाला विनिपेगपर्यंत दोन-अडीच तास लागतात. तेही हिमवादळात रद्द होतं, पण वारा पडला की पुन्हा सुटतं. ताशी ४० किलोमीटरचा वारा आणि ४०० मीटरच्या पलीकडचं न दिसणं काही तास टिकलं की कॅनडात त्याला ब्लिझर्ड म्हणतात, आणि फेब्रुवारीत ते आलं तर नवल नाही. परतीचं विमान आणि मुंबईचं विमान यांत निदान चार दिवस ठेवा. चर्चिलमध्ये तीन रात्री हव्यात, चार मिळाल्या तर उत्तम. एकाच रात्रीवर सगळी भिस्त ठेवणारे ढग बघून परत येतात.

गाडीत ज्येष्ठांसाठी बसायची सीट घेऊ नका, पैसे वाचले तरी. झोपायची सोय असलेली केबिन घ्या, आणि वरखाली बर्थ असेल तर सासूबाईंना खालचा. डब्यातली ऊब सगळीकडे सारखी नसते. खिडकीशी गार आणि हीटरशी घामाघूम असा प्रकार असतो, तेव्हा अंगावरचे कपडे सहज चढवता-उतरवता येतील असे असू द्या. मोबाइलला बराच काळ रेंज नसते. औषधं, एक दिवसाचं जास्तीचं खाणं आणि पाणी हाताशी ठेवा. वाटेतल्या गिलम गावाच्या पुढे झाडं खुजी होत होत तुरळक व्हायला लागतात, तेवढा भाग उजेडात मिळाला तर बघण्यासारखा आहे.

"विनिपेगची थंडी सोसली आहे" या वाक्याने थोडी काळजी वाटली. फेब्रुवारीत चर्चिलचं सरासरी तापमान उणे २५च्या आसपास असतं. विनिपेगलाही एखाद्या रात्री तेवढं होतंच, पण तिथे तुम्ही दारातून गाडीत आणि गाडीतून दुकानात जाता. चर्चिलला गोठलेल्या, सपाट उपसागरावरून वारा येतो आणि अडवायला झाड नाही. उणे २५ला ताशी ४० किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला उणे ४१ असल्यासारखं लागतं आणि पाच ते दहा मिनिटांत ती गोठू शकते. उणे ३०ला तोच वारा असेल तर तो आकडा उणे ४८वर जातो. म्हणून अंदाज बघताना नुसतं तापमान बघू नका, विंडचिल, म्हणजे हा वाऱ्यासकटचा आकडा, बघा. उणे २८पर्यंत आला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. उणे ४८च्या खाली दोन-पाच मिनिटंही पुरतात, त्या दिवशी दोघांनी खोलीतच बसावं.

दुसरा फरक हालचालीचा. दिवे बघताना माणूस चालत नाही, मान वर करून उभा राहतो. चालताना पुरणारे कपडे उभं राहिल्यावर पुरत नाहीत. यावर सोपी परीक्षा आहे. विनिपेगला उणे २५ची रात्र लागली की दोघांना चर्चिलचा सगळा जामानिमा चढवून अंगणात अर्धा तास उभं करा, तुम्हीही उभ्या राहा. चालायचं नाही, पाय आपटायचे नाहीत. वीस मिनिटांनी कुणाचं काय गार पडलं ते विचारा. बोटं, गुडघे, मनगट आणि बाहीमधली फट, काय ते कळेल. दुरुस्ती घरी करता येते, तिथे गेल्यावर नाही.

कपड्यांत पहिली काट मारा ती सुती बनियनवर. ही सवय आपल्या वडीलधाऱ्यांकडून सोडवणं अवघड आहे, तरी सोडवा. सुती कापड घाम पितं आणि वाळत नाही. गरम व्हॅनमधून उतरलेल्या माणसाच्या अंगाला ओली बनियन चिकटली की वरचा हजार डॉलरचा पार्काही (हुडवाला जाड कोट) तिच्यापुढे हरतो. अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, वर आणि खाली दोन्ही. त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, म्हणजे घरातले स्वेटर इथे चालतील. सगळ्यांवर मांडीपर्यंत येणारा, वारा न शिरणारा जाड पार्का, हुडला केसाळ कड असलेला. ती कड चेहऱ्यापुढे बोगद्यासारखी ओढली की वारा थेट लागत नाही. पायांत थर्मलवर फ्लीसची पँट आणि त्यावर बर्फातली पॅडेड पँट. साडी किंवा सलवार थर्मलवर नेसून चालेल का, असं सासूबाई विचारतील. खोलीत खुशाल, बाहेर नाही. व्हॅनमध्ये बसल्याबसल्या चेन उघडा, टोपी काढा, घाम यायच्या आधी. अनेक टूरवाले पार्का आणि बूट भाड्याने देतात. बुकिंग करतानाच मापं कळवा म्हणजे चार दिवसांसाठी विकत घ्यावे लागणार नाहीत.

बूट उणे ४० किंवा त्याखालच्या रेटिंगचे, आतलं अस्तर सुटं निघणारे. नेहमीपेक्षा एक माप मोठे घ्या. बोटं हलली पाहिजेत, कारण ऊब त्या अडकलेल्या हवेत असते. घट्ट बुटात दोन जाड मोज्यांचे जोड कोंबले की रक्त अडतं आणि पाय आणखी गारठतात. एक पातळ आणि एक जाड लोकरी मोजा पुरे. रात्री अस्तर बाहेर काढून वाळवा, नाही तर दिवसभराचा घाम दुसऱ्या दिवशी पायाशी गोठतो. हातांना बोटांचे पातळ मोजे आणि त्यावर चार बोटं एकत्र राहणारे जाड मिटन. चेहऱ्याला नाकावर येणारी बालाक्लाव्हा, म्हणजे डोकं-चेहरा झाकणारी टोपी, दोन घ्या, कारण श्वासाने एक ओली होऊन कडक होते.

सासूबाईंच्या पायांतली जोडवी निघण्यापूर्वी घरीच काढून ठेवायला सांगा. बुटात ती बोटाला दाबतात, धातू गार पडतो, आणि बोट सुजलं तर निघत नाहीत. हातातल्या अंगठ्यांचंही तेच. कानातलं मोठं असेल तर तेही काढा. मंगळसूत्र थर्मलच्या आत अंगालगत राहिलं तर काही होत नाही.

आता दोघांच्या तब्येतीचं. थंडीने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. त्यात बर्फातून भरभर चालणं आलं की हृदयावर ताण पडतो. सासऱ्यांना निघण्यापूर्वी डॉक्टरांकडे न्या आणि गोळीचं नाव सांगून विचारा. बीटा-ब्लॉकर प्रकारच्या गोळ्यांनी हातपाय जास्त गार पडतात, ते माहीत असलेलं बरं. चालताना छातीत भरून आलं किंवा धाप लागली तर "जरा बसतो, बरं वाटेल" नाही, लगेच आत. आणि बाहेर जायच्या आधी ब्रँडीचा घोट नको. आतून ऊब आल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात रक्त कातडीकडे येऊन शरीराची उष्णता बाहेर जाते.

सासूबाईंच्या बाबतीत इन्सुलिन सगळ्यात नाजूक. एकदा गोठलं की ते वितळल्यावर जसंच्या तसं दिसलं तरी निकामी असतं, फेकून द्यावं लागतं. इन्सुलिनचं पेन थर्मलवरच्या कपड्याच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. पर्समध्ये नाही, पाठीवरच्या बॅगेत नाही, खोलीच्या खिडकीच्या कडेला नाही, विमानात चेक-इन सामानात तर नाहीच. लागतं त्याच्या दुप्पट न्या आणि दोन जणांकडे विभागून ठेवा. ग्लुकोमीटर आणि पट्ट्याही गारठल्या की चूक आकडा दाखवतात किंवा चालत नाहीत, म्हणून साखर आत येऊन, हात कोमट झाल्यावर तपासा. थरथर, गोंधळ, जड जीभ ही साखर उतरल्याची लक्षणं आणि अंग गारठल्याचीही तीच. तेव्हा असं काही दिसलं की आत आणून आधी साखर तपासा. बाहेर जाताना खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा. फळांच्या रसाचा डबा ठेवाल तर ऐन वेळी तो दगड झालेला असेल.

मधुमेहाने पायांची जाणीव कमी झालेली असेल, आणि पुष्कळांना ते स्वतःला कळलेलं नसतं, तर बोटं गोठतानाही दुखत नाहीत. म्हणून रोज रात्री त्यांचे तळपाय आणि बोटं तुम्ही स्वतः उजेडात बघा. पांढरा, मेणासारखा ठिपका, फोड, लाली, काहीही. बुटात घालायची गरम पाकिटं त्यांना देऊ नका, भाजलेलं कळणार नाही. तुम्ही वापरणार असाल तर निघण्याआधी पंधरा मिनिटं उघडून ठेवा आणि कातडीला थेट लावू नका. ती हवेवर चालतात, घट्ट मिटनमध्ये कोंडली की गार पडतात.

बाहेर असताना दर दहा मिनिटांनी एकमेकांचे चेहरे बघायचे, नाकाचा शेंडा, गाल, कान. पांढुरका डाग दिसला की आत जायचं. तो चोळायचा नाही, त्यावर बर्फ घासायचा हा जुना उपाय तर अजिबात नाही. बोटं असतील तर काखेत धरा. बधिरपणा जात नसेल तर ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवा. पाणी जाणीव असलेल्या हाताने तपासा, गारठलेल्या नाही. हीटरवर किंवा शेकोटीवर शेकू नका. आणि पुन्हा थंडीत जावं लागणार असेल तर गोठलेला भाग वितळवायला घेऊ नका, परत गोठला की इजा दुप्पट होते. गावात चर्चिल हेल्थ सेंटर आहे, पण गंभीर रुग्णाला विमानाने विनिपेगला हलवतात. सुपर व्हिसासाठी निदान एक लाख डॉलरचा विमा काढलेला असेलच. त्यात हवाई रुग्णवाहिकेचा खर्च येतो का, आणि रक्तदाब-मधुमेहासारख्या आधीपासूनच्या आजारांसाठी "इतके महिने औषध बदललेलं नसावं" अशी अट आहे का, हे वाचा. निघायच्या तोंडावर गोळीची मात्रा बदलली तर ही अट मोडू शकते.

खरं तर या वयात थंडीइतकीच धास्ती घसरून पडण्याची. बुटांखाली चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे घ्या, लहान पावलं टाका, खिशात हात घालून चालू नका. मात्र दुकानात किंवा खोलीत शिरताना ते काढा, फरशीवर तेच घसरवतात.

दिवे बघण्यासाठी तापवलेली जागा असलेलीच टूर घ्या, घुमट, केबिन किंवा उंच चाकांची मोठी टुंड्रा गाडी. बुक करताना सरळ विचारा: बसायला आत जागा आहे का, टॉयलेट आहे का, ते गरम आहे का, मध्येच परतायचं झालं तर कोणी सोडेल का. ज्येष्ठ मंडळी लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत आणि तिथल्या कोरड्या हवेत त्याचाच त्रास होतो. दिवसा उजेड फेब्रुवारीच्या मध्यात सव्वानऊ तासांच्या आसपास असतो. एखादा तास कुत्र्यांची स्लेज, मग इत्सानिताक संग्रहालयातली इनुइट कोरीवकामं, रेल्वे स्टेशनातलं राष्ट्रीय उद्यानांचं केंद्र. दुपारी झोप हवीच, कारण दिवे रात्री नऊनंतर केव्हाही येतात. वादळाच्या दिवशी टाउन सेंटर बरं, वाचनालयासकट बरंच काही एका छपराखाली आहे.

अस्वलं बर्फावर गेली असली तरी एखादं मागे राहू शकतं. गावाबाहेर, खडकाळ किनाऱ्यावर किंवा अंधारात पायी भटकू नका, फलकांवर लिहिलेलं पाळा. अस्वल दिसलं तर कळवायचा क्रमांक २०४-६७५-२३२७ फोनमध्ये साठवा. समुद्राच्या बर्फावर फोटोसाठीही उतरू नका. भरती-ओहोटीने किनाऱ्यालगतचा बर्फ रोज वरखाली होतो, त्याला तडे जातात आणि वर पडलेल्या भुसभुशीत बर्फाने ते झाकलेले असतात.

फोटोंचं थोडक्यात. ट्रायपॉड, भिंग जास्तीत जास्त उघडं, आयएसओ १६०० ते ३२००, पाच ते पंधरा सेकंद, फोकस हाताने दूरच्या ताऱ्यावर. बॅटऱ्या आतल्या खिशात. आत येण्याआधी कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा आणि तास-दोन तास उघडू नका, नाही तर खोलीतली वाफ भिंगावर बसते.

खाण्याचं: अस्वलांचा हंगाम सरला की काही उपाहारगृहं बंद होतात आणि शाकाहारी पदार्थ मोजकेच मिळतात. किराणा मिळतो, पण महाग. गरम पाण्यात होणारा उपमा-पोहे आणि चांगला थर्मास बरोबर असू द्या. स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर तीच घ्या. इन्सुलिन घेणाऱ्या बाईला जेवणाची वेळ चुकवून चालत नाही.

बुकिंगचा क्रम असा ठेवा: आधी डॉक्टर, मग परतीचं विमान, मग राहण्याची जागा, मग जातानाची ट्रेन, शेवटी टूर.

डॉक्टरांनी दोघांपैकी कुणालाही नको म्हटलं तर हट्ट नको. जुलै-ऑगस्टमध्ये चर्चिल नदीच्या मुखाशी हजारोंनी पांढरे बेलुगा देवमासे येतात, नावेतून अगदी जवळून दिसतात, आणि तेव्हा जोडवी काढायचीही गरज पडत नाही. त्या वेळी किनाऱ्यावर अस्वल दिसण्याची शक्यताही फेब्रुवारीपेक्षा जास्त. सुपर व्हिसावर त्यांना तोवर राहता येईल. मुंबईचं तिकीट पुढे ढकलण्याआधी पासपोर्टवर शिक्का मारताना किती मुदत दिली आहे आणि विमा कोणत्या तारखेला संपतो, तेवढं बघा.